मुलगा 47 वर्षांचा, वडील 76 वर्षांचे: निवासी संस्थेत कधी ठेवायचं आणि संस्था कशी बघायची?

सांगलीहून एका काकांनी विचारलंय. ते स्वतः 76 वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. काकू 71 वर्षांच्या, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. मुलगा 47 वर्षांचा. प्रमाणपत्रावर फक्त 'मतिमंदत्व' आहे, पण ऑटिझमही (स्वमग्नता) आहे असं दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी न्यू जर्सीला असते. "आम्ही आहोत तोवर त्याला घरीच ठेवू, नंतर संस्थेत. कोणती संस्था चांगली?" एवढाच प्रश्न आहे.

काका, नमस्कार. संस्थेचं मागाहून बोलू, कारण माझी हरकत तुमच्या आधीच्याच वाक्याला आहे. प्रौढ मतिमंद आणि स्वमग्न व्यक्तींच्या निवासी संस्थेत मला 27 वर्षं झाली. आमच्याकडे सगळ्यात वाईट अवस्थेत कोण आलं असेल, तर आई किंवा वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास कुणीतरी गाडीतून आणून सोडलेले. एका पिशवीत कपडे, दुसरीत गोळ्यांची अर्धी पाकिटं. सोबत आलेल्या मामेभावाला विचारलं, काय खातो? "सगळं खातो." झोपतो किती वाजता? "बघावं लागेल." फिट कधी आली होती शेवटची? "ते आत्याला माहीत होतं."

आत्याला माहीत होतं, आणि आत्या गेली. 45 वर्षांचं माहीतपण एका माणसाच्या डोक्यात होतं, ते तिच्याबरोबर गेलं. आम्हाला ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं आणि तोवर त्या बिचाऱ्याने जे सोसायचं ते सोसलं. म्हणून तुमच्या 'नंतर'च्या जागी मी 'आता' म्हणते. तुमचे दोघांचे पाय चालताहेत, दर पंधरा दिवसांनी एसटीत बसून भेटायला जाता येतंय, फोनवर "अहो, तो असं करतो म्हणजे त्याला लघवीला लागलीय" असं सांगता येतंय, तोवर त्याचं बस्तान बसलं पाहिजे.

वय वाढलं की हे माहीतपण जास्त लागतं. विशीतला मुलगा बोलत नसला तरी अंगाने ठणठणीत असतो. पंचेचाळिशीनंतर दात, डोळे, पोट, सांधे एकेक करून कुरकुरायला लागतात आणि 'दुखतंय' हा शब्द त्याच्याकडे नसतो. मग दुखणं वागण्यातून बाहेर पडतं, आणि आपण वागण्यालाच औषध देत बसतो.

आमच्याकडे 52 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. ऑटिझम आहे, बोलत नाहीत. एका पावसाळ्यात ते स्वतःच्या उजव्या गालावर बुक्क्या मारायला लागले. डॉक्टरांनी रिस्पेरिडोन, म्हणजे वागणं शांत करायची गोळी, वाढवलं. मारणं कमी झालं, पण ते दिवसभर पेंगत होते म्हणून कमी झालं. महिनाअखेरीला त्यांची बहीण भेटायला आली. तिने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "लहानपणी कान दुखला की हा असंच करायचा." कान तपासला, स्वच्छ. मग तोंड उघडून घेतलं, त्यात अर्धा तास गेला, तर शेवटच्या दाढेच्या मुळाशी पू. भूल देऊन दाढ काढली. चौथ्या दिवशी हात खाली आला आणि नंतर गोळीही पहिल्या मात्रेवर आली. बुक्क्या फक्त जेवणानंतर पडायच्या, हे आमच्या रोजच्या नोंदवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

तुमच्या मुलाला डाऊन सिंड्रोम नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी असेल, म्हणून थोडं त्याबद्दल. 21 क्रमांकाचं गुणसूत्र तिथे दोनाऐवजी तीन असतं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड ज्या जनुकामुळे बनतं ते याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत ते साठलेलं असतं, आणि विसरभोळेपणा, गोंधळ, नव्याने येणाऱ्या फिट्स हे बऱ्याच जणांत पन्नाशीच्या आसपास दिसायला लागतं. आमच्या एक ताई 49 व्या वर्षी जेवणघराच्या दाराशी येऊन थांबायला लागल्या. हात धरून ओढलं की किंचाळायच्या. सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, हट्टीपणा वाढलाय. दाराशी काळं पायपुसणं होतं. ताईंना तो खड्डा दिसत होता. पायपुसणं काढलं, ताई आत आल्या, पोळीभाजी खाल्ली. पुढच्या तीन वर्षांत बाकीचं बरंच गेलं, पण त्या दाराची भीती पुन्हा आली नाही. अशा बदलाला लगेच स्मृतिभ्रंश म्हणून मोकळं होऊ नका. थायरॉइड, ऐकू कमी येणं, झोपेत श्वास अडकणं, मोतीबिंदू, नुसती उदासी, यांतलं काहीही अगदी तसंच दिसतं आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे.

गोळ्यांबद्दल एक स्पष्ट बोलते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बहुतेकांच्या कागदावर मला एक तरी गोळी अशी सापडते, जी कुणी का सुरू केली हे घरात कुणालाच आठवत नाही. हॅलोपेरिडॉल (तीही वागण्यासाठीचीच गोळी) होतं, त्याने हात थरथरायचे म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल आलं. पुढे हॅलोपेरिडॉल बंद झालं, दुसरी मात्र पंधरा वर्षं चालूच. ही गोळी उतारवयात बुद्धीवर धुकं आणते आणि पोट घट्ट करते. इप्टॉइन ही फिटची गोळी वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या हिरड्या फुगतात, हाडं ठिसूळ होतात, पाय अडखळतो, आणि एक दिवस न्हाणीघरात पडून खुबा मोडतो. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, फिटची तर नाहीच. पण संस्थेत पाठवण्याआधी सगळी पाकिटं एका डब्यात घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येकीबद्दल विचारा, ही कशासाठी?

बद्धकोष्ठाला आपल्याकडे हसण्यावारी नेतात. बोलता न येणाऱ्या माणसात ते जिवावर बेततं. आतडं अडकेपर्यंत कुणाला कळत नाही. आमच्या न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा, शौचाला कधी झालं ते लिहायचा तक्ता आहे. पाहुण्यांना किळस वाटते, वाटू दे.

आणि गिळणं. वय झालं की घास चुकीच्या नळीत जातो, खोकला येतो, मग छातीत कफ, मग न्यूमोनिया. तुम्ही सांगलीचे, म्हणून मुद्दाम सांगते: भेटायला येताना भडंग आणू नका. आणलंत तर मावशींसाठी आणा. कोरडं, भुसभुशीत, तोंडात न मिळून येणारं काहीही पन्नाशीच्या या मंडळींना धोक्याचं. गुरगुट्या भात, साखरेपेक्षा तुपाचा शिरा, केळं, हे चालतं. जेवताना पाठ ताठ आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

हे सगळं आम्ही तरी कुठून शिकलो? चुका करत. आपल्याकडे आधी शाळा आल्या. मुंबईत 1944 साली जय वकील, पुण्यात 1964 साली कामायनी. मग शाळा संपलेल्यांसाठी कार्यशाळा आल्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली. या मुलांना म्हातारपण येईल असं तेव्हा फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं, कारण बरीचशी तोवर जगतच नव्हती. ऑटिझमचं तर आणखी अलीकडचं. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 1943 साली ज्या मुलांवर पहिला निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा, मिसिसिपीतल्या एका गावातला डोनाल्ड ट्रिपलेट, 2023 साली 89 व्या वर्षी वारला. बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, गावाने सांभाळून घेतलं. म्हणजे निदान झालेल्या पहिल्या माणसाचं म्हातारपण कालपरवा संपलंय, आणि त्या वयाबद्दल वैद्यकाला कळतं ते थोडं. आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं, ते 2016 च्या कायद्यात आलं. तुमच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर एकच शब्द का आहे, याचं उत्तर यातच आहे. 47 व्या वर्षी निदान करून काय मिळणार, असं काकू म्हणतील. संस्थेला मिळेल. फक्त मतिमंद असलेल्या माणसाला आम्ही सहा जणांच्या खोलीत, गाणी-गोंगाटात खुशाल ठेवू. ऑटिझम असेल तर कोपऱ्यातली खाट, ठरलेलं ताट आणि ट्यूबलाइटच्या गुणगुणीपासून लांब जागा लागेल. जिल्हा रुग्णालयात आयएसएए नावाच्या भारतीय मोजपट्टीवर तपासणी होते, ती करून घ्या आणि यूडीआयडी कार्डावर, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर, नोंद करा.

आता संस्था. पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली बदलापूरची आधार, मुळशीतल्या कोळवणचं साधना व्हिलेज, डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल ही नावं देते, ती आधी पाहून येण्यासाठी. तिघांची पद्धत वेगळी आहे आणि जागा मिळेलच असं नाही. पण तीन ठिकाणं पाहिलीत की चौथ्या ठिकाणी काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

माझे प्रश्न सांगते. कार्यालयातल्या ढाली आणि स्नेहसंमेलनाचे फोटो पाहण्यात वेळ घालवू नका. संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, तेव्हा पाळी बदलते आणि खरं काय ते दिसतं. न्हाणीघर दाखवा म्हणा. धरायला दांडे आहेत का, कमोड आहे का, फरशी ओली आहे का. रात्री किती माणसं जागी असतात हे विचारा, झोपलेली नव्हे, जागी. दिवसाचा आकडा सगळेच सांगतात. मग विचारा, तुमच्याकडे सगळ्यात वयस्कर कोण, त्यांना भेटू दे. त्या माणसाची नखं बघा, दात बघा, अंगावरचे कपडे त्याचेच आहेत का ते बघा.

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला जीभ रेटत नाही: तुमच्याकडे शेवटचा मृत्यू कधी झाला, आणि कसा? चांगली संस्था यावर दहा मिनिटं बोलते. कोण होतं, काय झालं होतं, शेवटच्या रात्री जवळ कोण बसलं होतं, भाऊ वेळेवर पोहोचला की नाही. "आमच्याकडे तसं काही होत नाही" असं उत्तर आलं तर दोनच अर्थ. एकतर तिथे अजून कुणी म्हातारं झालेलं नाही, नाहीतर आजारी पडला की घरी धाडतात. करारात 'सांभाळण्यापलीकडे गेल्यास पालकांनी परत न्यावे' असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. 'पलीकडे' म्हणजे काय, ते लिहून घ्या. अंथरुणाला खिळला तर? नळीने अन्न द्यावं लागलं तर? तेव्हा तुम्ही दोघं नसाल, मग परत कुठे? ठेव घेतली असेल तर ती कुणाला परत मिळणार, तेही लेखी.

एक माझं वैयक्तिक वेड. पन्नास वर्षांच्या माणसांना कर्मचारी 'मुलं' म्हणतात का, ऐका. आम्हीही म्हणायचो, अजून तोंडातून निघतं. पण मूल म्हटलं की म्हातारपणाचा आजार दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मुलाला कुठे संधिवात होतो?

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते तालुक्याच्या वकिलालाही धड माहीत नसतं. मुलगा 18 वर्षांचा झाला त्या दिवशी तुम्ही कायद्याने त्याचे नैसर्गिक पालक राहिला नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी ही सोय आहे, कोर्टाच्या फेऱ्या नाहीत. आता तुम्ही दोघं पालक व्हा, आणि तुमच्यानंतर कोण हे आजच ठरवा. मुलीचं नाव मनात असेल तर थांबा: पालक भारतीय नागरिक असावा लागतो. तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती होऊ शकत नाही. पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. पुतण्या 'हो' म्हणत असेल तर त्याला हे आधी सांगा. हिशेबाचं ऐकून मागे सरला तर बरंच झालं, आत्ताच कळलं.

तुमच्या आणि काकूंच्या पश्चात तुमचं कुटुंब निवृत्तिवेतन मुलाला आजन्म मिळू शकतं. पण त्याचं नाव आणि अपंगत्वाचं वैद्यकीय प्रमाणपत्र तुमच्या हयातीत कार्यालयाच्या नोंदीला गेलेलं असावं. मागाहून करताना लोकांच्या चपला झिजतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्याचं 1 लाखाचं कवच आहे, आधीच्या आजारांची तपासणी नाही, वयाची अट नाही, दरवर्षी नूतनीकरण तेवढं चुकवू नका. आणि राहतं घर थेट संस्थेच्या नावावर करू नका, ती कितीही चांगली असो. मुलाच्या नावाने खासगी न्यास करा, दोन-तीन विश्वस्त, त्यातला एक तरी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पैसे न्यासातून संस्थेला जाऊ देत, म्हणजे विचारणारं कुणीतरी राहील.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते काम. दोनशे पानी वही आणा. काकूंना बोलायला सांगा आणि तुम्ही लिहा. 'शांत स्वभाव, सगळं खातो' असलं काही नको. पोट दुखलं की तो काय करतो. कुकरच्या शिट्टीला कान झाकतो का. सुई दाखवून टोचली तर चालते का. न्हाणीघरात आधी पायावर पाणी लागतं की खांद्यावर. कोणता शब्द त्याच्यासमोर उच्चारायचा नाही. इंग्लंडात अशा लोकांसाठी दवाखान्यात न्यायची पुस्तिका असते. आपल्याकडे काकूंच्या तोंडून निघालेली वही असली तरी पुरे. एक प्रत संस्थेत, एक मुलीकडे.

शब्दाचं उदाहरण देते. आमच्याकडच्या एकाची आई गेली तेव्हा त्याला सांगितलं, आई गावाला गेली. त्याला दुःख होऊ नये म्हणून. अंत्यविधीला नेलं नाही. पुढे गणपतीच्या सुटीला आमचा स्वयंपाकी म्हणाला, मी गावाला चाललो. त्या माणसाने त्याच्या कमरेला मिठी मारली, ती दोन तास सुटली नाही. त्याच्या हिशेबात गावाला गेलेलं माणूस परत येत नाही, आणि हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. तुमच्यापैकी कुणी आधी गेलं तर मुलाला आणून दाखवा, हात लावू द्या, 'मेले' हाच शब्द वापरा. चुलते-मालते विरोध करतील. हेही वहीत लिहून ठेवा, तुमच्या सहीने.

जाण्याची तयारी सहा महिन्यांची धरा. आधी चहाला जा, मग जेवायला, मग एक रात्र काकूंनी पाहुण्यांच्या खोलीत राहून. महिनाभर भेटायला येऊ नका असं काही संस्था सांगतात, ते ऑटिझम असलेल्या माणसाला लावू नये असं माझं मत आहे. उलट वार आणि वेळ ठरवा, समजा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 11, आणि चुकवू नका. कॅलेंडरवर त्या तारखेला तुमचा फोटो चिकटवा. पहिले दोन महिने तो तुम्हाला पाहून तोंड फिरवेल, कदाचित जेवणार नाही, काकू रात्रभर रडतील आणि रविवारी मला, म्हणजे तिथल्या माझ्यासारख्या कुणाला तरी, फोन करून म्हणतील की आम्ही त्याला परत नेतो. तेव्हा पंधरा दिवस थांबा म्हणून सांगते.

सामानात नवं काही देऊ नका. तोच पेला, तीच चप्पल, तोच रेडिओ, बटण तुटलेलं असलं तरी. आणि काकूंना एक सांगा: त्याची गोधडी धुऊन पाठवू नका.